चाळीस वाव निळा दोरा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही माझ्या जागी आहात. सकाळ झाली आहे, मिरबात बंदराच्या धक्क्यावरचे दुकान नुकतेच उघडले आहे आणि मागच्या भिंतीवर एका खुंटीला तुम्ही टांगलेले आहात. तुमच्या दातांच्या फटीत परवाच्या तारलीचे खवले अडकून सुकले आहेत. अंगावर कालच्या माकुळाचा चिकट रस आहे, त्यावर मिठाचा थर आहे. दुकानाचा मालक धुपाटण्यात लोबान जाळतो आणि तो धूर तुमच्यावरून फिरवतो. का, तर गिऱ्हाइकाला वास येऊ नये म्हणून. आंघोळ नाही, नुसती धुरी. मळमळले ना? मला पंधरा वर्षे मळमळते आहे.

मी एक जुनी भाड्याची चरखी आहे. मोठा मासा धरायच्या काठीला जी बसवतात, जिच्या पोटात तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा गुंडाळतात आणि मूठ फिरवून मासा ओढतात, ती मी. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेचे दाते, चकचकीत अंग, आणि असा ब्रेक की दोरा सुटताना गाणे म्हटल्यासारखा आवाज यायचा. मला पहिल्यांदा विकत घेतले ते रजबबा नावाच्या कोळ्याने. संध्याकाळी धक्क्यावर उतरले की स्वतःच्या तोंडावर पाणी मारायच्या आधी ते माझ्यावर गोड्या पाण्याचा एक तांब्या हळूहळू ओतत. बादलीत कधी बुडवत नसत, कारण बुडवले की मीठ आत शिरते. मग ब्रेक सैल करत आणि जुन्या फेट्याच्या फडक्याने मला पुसत. इतकेच. रोज एक तांब्या पाणी. मित्रांनो, तेवढ्यावर मी शंभर वर्षे टिकले असते.

रजबबांचे खांदे आखडले. ते सलाला शहरात लेकीकडे राहायला गेले आणि जाताना मला बखीत नाखवाला विकून गेले. “हिला रोज पाणी दे,” ते म्हणाले. नाखवाने मान हलवली. त्या दिवशीची आंघोळ माझी शेवटची.

बखीत नाखवाची बोट होती आणि बोटीमागे दुकान होते. खोल समुद्रात मासे धरायला येणारे लोक दोन दिवसांसाठी बोट ठरवत. दुकानात एका भिंतीवर आम्ही सात भाड्याच्या चरख्या, आणि समोर काचेच्या कपाटात विकायला ठेवलेल्या कोऱ्या.

भाड्याने घेणाऱ्यांचे मी काय सांगू? कोणी मला डेकवर आपटे. कोणी माझ्या मुठीवर सिगारेट विझवी. एका गृहस्थांना बोट लागली आणि त्यांनी सकाळचा सगळा नाश्ता माझ्यावर ओतला. नंतर फडके मागून त्यांनी स्वतःचे बूट पुसले, मला नाही. प्रत्येकाचे एकच वाक्य: “भाड्याची आहे, टाक तिकडे.” खरे तर भाड्याने घेण्यात काहीच वाईट नाही. जो वर्षातून एकदा समुद्रावर येतो, त्याने भाड्यानेच घ्यावे. उगाच विकत घेतलेल्या माझ्या किती बहिणी डोंगरातल्या घरांत, कपाटावर, धूळ खात गंजल्या असतील. पण जी वस्तू सगळ्यांची आहे, तिला सगळ्यांनी मिळून घाण करावी हे कोणी ठरवले? मित्रांनो, तुमच्या वर्गातला बाक, वाचनालयातले पुस्तक, बागेतला झोका, हे सगळे माझेच भाऊबंद आहेत. त्यांना हात लावताना माझी आठवण ठेवा.

तरी या लोकांपेक्षा मला जास्त शिसारी येते ती नाखवाच्या हुशारीची.

नाखवाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पहिल्या दिवशी ज्याच्या हातून मोठा मासा सुटतो, तो दुसऱ्या दिवशी कोरी चरखी विकत घेतो. म्हणजे भाड्याची चरखी हरली पाहिजे, पण हरेपर्यंत ती चांगली दिसली पाहिजे. आम्हा सातही जणींच्या पोटात वर्षानुवर्षांचा दोरा होता. उन्हाने पिवळा पडलेला, बोटांनी चोळला तर भुगा होणारा. त्यावर तो फक्त चाळीस वाव कोरा निळा दोरा भरून घेई. दोन्ही हात पसरले की एक वाव होते; अशा चाळीस. छोटा मासा तेवढ्यात येतो. मोठा मासा मात्र चाळीस वाव एका श्वासात नेतो आणि मग पिवळ्या दोऱ्याशी गाठ पडते. मासे धरणे हे माझे काम राहिलेच नव्हते. मी माणसे धरत होते.

हा निळा दोरा भरायची नाखवाची मुलगी, तुफूल. वय अकरा. तिची बोटे बारीक आणि गाठ इतकी बेमालूम की दाखवल्याशिवाय दिसायची नाही. आतला दोरा नुसता पोट भरायला असतो, असे बापाने तिला सांगितले होते. चांगल्या चरख्यांतही तसे करतात, म्हणून तिला ते पटले. नाखवा चारचौघांत तिचे कौतुक करी आणि ती मान खाली घालून हसे.

एकदा सुट्टीत ती पहिल्यांदाच बोटीवर आली. त्या दिवशीचे गिऱ्हाईक होते हमूद, इब्री गावचा ट्रक ड्रायव्हर, आणि त्याचा मेहुणा खमीस. सकाळी दुकानात तुफूलने दोघांना खजूर आणि कोऱ्या कॉफीचा कहवा दिला होता, घरी पाहुण्याला देतात तसा. हमूद कपाटापाशी बराच वेळ उभा होता. विकत घ्यावे तर वर्षभर ट्रकवर असतो, घेऊन करू काय, असे तो स्वतःशीच बोलला आणि मला घेऊन निघाला. त्याने मला आपटले नाही, एवढे मी सांगायला हवे.

दुपारच्या आधी गळाला कुपा मासा लागला. मोठा. काठी वाकली, माझा गंजका ब्रेक किंचाळला आणि निळा दोरा सरसरत सुटला. खमीस मागून बोलायला लागला. “भावोजी, हा ट्रक नाही, ह्याला हॉर्न देऊन चालणार नाही.” हमूद दात आवळून हसत होता. तुफूल त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती. “काका, माझी गाठ आहे,” ती म्हणाली. “सुटायची नाही.”

गाठ काठीच्या कड्यांतून टकटक करत बाहेर गेली. पुढे पाच वाव पिवळा दोरा गेला असेल. मग काठी सरळ झाली.

हमूद रिकाम्या समुद्राकडे बघत राहिला. खमीस म्हणाला की आता ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली जाणार. नाखवाने सुकाणूवरूनच गोड आवाजात सांगितले की तुमच्या हाताला दोष नाही, हत्यारच भाड्याचे; उद्या स्वतःचे घ्या. हमूदने मान डोलावली, पण तो आपल्याच तळव्यांकडे बघत होता. आणि तिकडे खोल पाण्यात तो कुपा तोंडात गळ आणि मागे निळ्या दोऱ्याचे शेपूट घेऊन मरायला निघाला होता. माझ्यामुळे. मला माझीच किळस आली.

आपली गाठ सुटली, असे तुफूलला वाटले. तिचे डोळे भरले. तिने माझ्यावरचे टोक शोधून काढले. गाठ सुटली असती तर पिवळ्या टोकाला पीळ राहिला असता. हे टोक नुसते कुजके, फाटलेले होते. तिने ते चोळले आणि बोटांवर भुकटी राहिली. ती भुकटी मुठीत धरून ती उठली. मग ती बापाकडे गेली आणि आतला दोरा कुजलेला आहे हे तुला माहीत होते का, असे हळूच विचारले.

“तुझी गाठ टिकली ना? मग झालं.”

“पण बाबा, काकांना वाटतंय त्यांच्यात जोर नाही.”

“ते गिऱ्हाईक आहे, तुफूल. पाहुणा नाही.”

“सकाळी मीच त्यांना कहवा दिला.”

“तो दुकानाचा कहवा होता,” नाखवा म्हणाला आणि बोट वळवली.

मित्रांनो, मी पंधरा वर्षे सडका वास घेतला आहे. त्या वाक्याइतकी घाण मला कशाची आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमूद आणि खमीस दुकानात आले. नाखवाने काचेवर कोरी चरखी मांडली, तिची मूठ फिरवून दाखवली. हमूद खिसा चाचपत होता. पुढच्या आठवड्यात दुसरी मंडळी यायची होती, म्हणून नाखवाने मला तुफूलकडे दिले आणि चाळीस वाव भरून ठेवायला सांगितले.

ती मला घेऊन उंबऱ्यावर बसली. निळ्या गुंडाळीला तिने हात लावला नाही. तिने पिवळा दोरा बाहेर ओढायला सुरुवात केली.

“उलटं काय करतेस? भर तिला,” नाखवा म्हणाला.

ती ओढत राहिली. उंबऱ्यावर पिवळा ढीग वाढत गेला आणि त्याबरोबर पंधरा वर्षांची घाण बाहेर आली: काळे पडलेले मीठ, खवले, शेवाळ. त्या दिवशी लोबानाचा काही इलाज चालला नाही. खमीसने नाकाला हात लावला. शेवटचा वेढा सुटला आणि माझ्या पोटाचा उघडा धातू दिसला. तुफूलने ढिगातून एक टोक घेऊन हमूदच्या हातात दिले.

“काका, ओढा.”

त्याने दोन्ही मुठींना वेढे देऊन ओढले. दोरा तुटला. त्याने पुन्हा ओढले, पुन्हा तुटला. खमीसने खाली पडलेला तुकडा उचलून बोटांत चोळला.

“वरचा निळा कोणी भरला होता, पोरी?” हमूदने विचारले.

“मी. आतलं असं आहे हे मला काल कळलं.”

हमूदने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. नाखवाने कोरी चरखी काचेवर ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हटले, “तुफूल, आत जा.”

तुफूल उठली. तिने फडक्याने माझे रिकामे पोट पुसले आणि मला हमूदच्या हातात दिले. मग भिंतीपाशी स्टूल ओढले, त्यावर चढली आणि खुंटीवरची दुसरी चरखी खाली काढली.