बिननावाचा निबंध

सिनेमाला आम्ही दोघी धरून अकरा माणसं होतो. त्यांतली दोन मध्यंतरानंतर परत आली नाहीत. एक गृहस्थ तर थंड हवेत दुपारची झोप काढायलाच आले होते, हे त्यांच्या घोरण्यावरून कळत होतं. "म्हणजे जागे प्रेक्षक आठ," वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. त्या जन्मभर इस्पितळात नर्स होत्या, त्यामुळे पडद्यावर कोणी मेलं की ते नीट मेलं की नाही हे त्या लगेच सांगतात. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हा सिनेमा माझ्याच एका विद्यार्थिनीने काढला होता. तिचा फोन आला होता, "बाई, शुक्रवारी उतरतोय हो. त्याआधी बघून घ्या. मग मी येते. मला तुम्हाला एक विचारायचंय."

सिनेमा चांगला नव्हता. एक नावाजलेली लेखिका असते आणि दुसरी तिची लहानपणची मैत्रीण, तिचं टायपिंग करून देणारी. या मैत्रिणीला हळूहळू वाटायला लागतं की ही सगळी पुस्तकं आपणच लिहिली आहेत. मग ती लेखिकेसारखे केस कापते, तिच्यासारखे कपडे शिवून घेते, तिच्या घराची किल्ली पळवते आणि शेवटी तिला गच्चीवरून ढकलून देते. हे सगळं होतं, पण का होतं ते कळत नाही. बाई पहिल्या क्षणापासून डोळे वटारून हिंडते आणि मागे व्हायोलिन कण्हत राहतं. शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ खुर्चीत बसून दहा मिनिटं मत्सर या विषयावर बोलतो.

"किती बोलतोय हा डॉक्टर!" वन्सं म्हणाल्या. "पेशंट केव्हाची खाली पडलीये."

मधली चार मिनिटं मात्र वेगळी होती, त्या दोघींच्या लहानपणची. शाळा सुटलेली असते. वर्गात एकटी मुलगी, बाकं रिकामी, आणि भिंतीवरचं घड्याळ. तिथे व्हायोलिन थांबलं होतं. वन्संही काही बोलल्या नाहीत. मग ती मुलगी उठते, मैत्रिणीच्या बाकातून तिची वही काढते आणि फ्रॉकखाली लपवते. तो वर्ग मी तेव्हाच ओळखला होता.

शेवटी पोलीस त्या बाईला विचारतात. ती खाली बघून पाठ म्हटल्यासारखी म्हणते, "मला तिचा हेवा वाटला, म्हणून मी खोटं बोलले. तिचं ते तिचं, माझं ते माझं."

हे वाक्य माझं होतं. अकरा वर्षांच्या एका मुलीला ते मी सांगितलं होतं, तिच्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं आणि मग तिला वर्गासमोर उभं केलं होतं.

वर्गात दोन मुली होत्या. एकीचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून मीच तिला मोती म्हणायला लागले. दुसरी सतत तिच्या मागे मागे असायची. मुलांना तेवढं पुरे झालं. मोती म्हटलं की कुत्रा आला आणि कुत्रा म्हटला की शेपूट. दुसरी शेपूट झाली. मी मुलांना एकदोनदा रागावले, पण खरं सांगायचं तर मलाही हसू यायचं.

शेपटीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. मी तिला उपाय सांगितला. मोतीची वही घरी न्यायची आणि रोज एक पान तसंच्या तसं उतरवून आणायचं. पहिले दोन महिने मी तिची पानं बारकाईने बघितली. मग वह्यांचे गठ्ठे वाढले, आणि मी लाल शाईने खाली 'पाहिले' लिहून सही ठोकायला लागले. मुलांच्या वहीत हा शब्द आम्ही शिक्षक दिवसाला शंभरदा लिहितो. त्यातला किती वेळा खरा असतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पुढे एक निबंधस्पर्धा आली. मी मुलांना सुटे कागद दिले. जमा झाल्यावर दोन निबंध कमी भरले, मोतीचा आणि शेपटीचा, आणि एक कागद बिननावाचा निघाला. विषय मुलांनीच निवडायचा होता. त्या कागदावर लिहिलं होतं, 'सुटल्यावरची शाळा'. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'सगळे गेले की घड्याळ बोलायला लागते. दिवसभर ते आमच्यामुळे गप्प असते.' अक्षर मोत्यासारखं होतं. मी वर्गात कागद वर धरला. "मोती, नाव घालायला विसरलीस ना? तुझाच ना हा?"

मोतीने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि म्हणाली, "हो बाई."

शेपूट उठून उभी राहिली. "बाई, तो माझा आहे."

"तुझं अक्षर असं कधीपासून झालं गं?" मी म्हटलं. वर्ग हसला. तिचं अक्षर कधीपासून तसं झालं हे सांगणाऱ्या सहा महिन्यांच्या वह्या माझ्याच कपाटात होत्या. वर माझ्याच सह्या होत्या.

ती हट्टाला पेटली, "माझाच आहे" म्हणत राहिली. मी तिच्या आईला बोलावलं. आई कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती, अर्धा दिवस बुडवून आली. तिने लेकीची बाजू ऐकूनही घेतली नाही. म्हणाली, "बाई सांगतायत ते खोटं का?" मग ते वाक्य, ते वर्गासमोर उभं राहणं. निबंधाला बक्षीस मिळालं. मोतीचा फोटो मुख्याध्यापिकांच्या खोलीत लागला.

परीक्षेच्या आधी एकदा प्रश्नपत्रिका काढायला मी शाळेत थांबले होते. जिन्याच्या पायरीवर शेपूट दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी शिपायाला विचारलं, "ही अजून इथे कशी?" तो म्हणाला, "ती रोजच असते की. आईचा कारखाना उशिरा सुटतो ना." मी वर्गात येऊन बसले. शाळा शांत झाली होती. थोड्या वेळाने घड्याळाचा आवाज यायला लागला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोतीला न्यायला तिचे वडील घंटेबरोबर फाटकात उभे असायचे. सुटल्यावरची शाळा तिने जन्मात पाहिली नव्हती.

मी काय केलं? काही नाही. मूग गिळून गप्प बसले. बक्षीस झालंय, फोटो लागलाय, वर्ष संपत आलंय, मुलं विसरतात, असं मनाला सांगितलं. शेपटीला त्या सत्रात दोन गुण जास्त दिले आणि एक छान पेन्सिल दिली. तिने "थँक्यू बाई" म्हटलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

सिनेमा पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. चाळिशी उलटलेली, केसांत पांढरे पट्टे, डोळ्यांखाली काळं. वाकून नमस्कार करायला लागली, तर मी तिचे खांदे धरून तिला उभंच ठेवलं. तिला तो माझा मोठेपणा वाटला.

"बोला बाई, दहापैकी किती?"

मी म्हटलं, "आधी बस तर खरी."

"म्हणजे नापास," ती हसली. "वन्सं, तुम्ही सांगा. बाई काही लागेल असं बोलणार नाहीत." मी त्यांना वन्सं म्हणते म्हणून माझे सगळे विद्यार्थीही त्यांना वन्संच म्हणतात.

वन्संना तेवढं पुरलं. "मला ती बाई पटलीच नाही गं. एखादीला पाण्यात पाहतो आपण, मी आमच्या मेट्रनला वीस वर्षं पाहिलं. म्हणून काय गच्चीवरून ढकललं का? काहीतरी झालं असेल ना आधी तिचं? ते कुठाय?"

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "पेपरातही तेच आलं. बाई पोकळ आहे, आत काही नाही. मी चार वर्षं लिहीत होते हो. जिथे कारण यायला पाहिजे तिथे आले की हात थांबायचा. शेवटी डॉक्टरच्या तोंडी घातलं." ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला तो निबंध आठवतो?"

"आठवतो."

"मला तो लिहिल्याचं आठवतं. अजून. कुठे बसले होते, कुठला शब्द खोडला, सगळं. पण ते खरं नाही, हेही मला माहीत आहे. मी वर्गासमोर कबूल केलं होतं ना. मग हे डोक्यात आलं कुठून? एक मुलगी दुसरीचं लिहिलेलं स्वतःचं म्हणून इतकं स्पष्ट कसं आठवू शकते? मी त्यावरच सिनेमा काढला. आणि आता त्यातही नीट सांगता आलं नाही. तुम्ही होतात तिथे. मी खरंच तशी होते का?" ती थांबली. "खरं सांगा. मी पुढचं काही करू की नको, ते यावर आहे. जिला स्वतःचं आठवलेलं खरं की खोटं हे कळत नाही, तिने गोष्टी सांगू नयेत. मी हे सोडायचं ठरवत आणलंय."

मुलाला अवघड प्रश्न विचारला की मी नेहमी म्हणायचे, सावकाश, घाई नाही. त्या दिवशी मी स्वतःला तेवढाही वेळ दिला नाही. दिला असता तर पुन्हा काहीतरी गोड बोलून गेले असते.

"निबंध तुझा होता," मी म्हटलं.



मी तिला सगळं सांगितलं. वह्यांवरच्या न बघता ठोकलेल्या सह्या, बिननावाचा कागद, पायरीवर बसलेली ती, मोतीचे वडील. "तुला जे आठवतं ते खरं आहे. खोटी मी होते. आणि ते वाक्य तुझं नाही. ते मी तुझ्या तोंडात घातलं."

वन्सं उठून आत गेल्या. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी त्यांनाही सांगितली नव्हती.

तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच वर्षी. परीक्षेच्या आधी."

"म्हणजे मी वर्गातच होते."

"होतीस."

"कुठे बसायचे मी तेव्हा?"

"खिडकीकडे. तिसऱ्या बाकावर."

"तीन बाकं," ती म्हणाली. "तीन बाकं लांब होते मी, बाई."

या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही. 

"मोती आली होती पहिल्या खेळाला," ती म्हणाली. "शाळेच्या त्या प्रसंगाला रडायला लागली. मला वाटलं, चला, एक तरी माणूस हललं. बाहेर येऊन तिने माझे दोन्ही हात धरले, पण बोलली काहीच नाही. सिनेमातलं ते वही चोरणं मी मनाने रचलं हो. तेवढं एकच मला आठवत नव्हतं. म्हटलं, केलंच असणार." मग तिचा आवाज बदलला. "आई गेली चार वर्षांपूर्वी. मी म्हणायचे, आई, मी कडी लावली. ती 'बरं' म्हणायची आणि उठून बघून यायची. रोज. मी पस्तिशीची झाले तरी. मला कधी तिचा राग आला नाही. वाटायचं, बरोबर आहे तिचं."

"तुझ्या आईकडे तरी मी जायला हवं होतं," मी म्हटलं. "माझं चुकलं गं." हे शब्द मी हजारो मुलांना म्हणायला शिकवले. माझ्या तोंडून ते इतके आखूड निघाले की मलाच लाज वाटली.

वन्संनी चहा आणून ठेवला. तिने कप उचलला, पुन्हा ठेवला. "नको वन्सं. आज नको." तिने पर्स घेतली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"बाई, मी विचारलं नसतं तर सांगितलं असतंत?"

हो म्हणणं सोपं होतं. समोरचं तोंड 'हो' म्हणा असंच म्हणत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नसतं सांगितलं."

तिने मान हलवली, एकदाच. मग चपला घालून ती जिना उतरायला लागली. मी दारात उभी राहून तिची पावलं ऐकत होते. मधल्या वळणावर ती थांबली. फोन लावल्याचा आवाज आला.

"हां, मी बोलतेय," ती कोणाला तरी सांगत होती. "नाही, मी सोडत नाहीये. नाही म्हटलं ना. ती शाळेची चार मिनिटं ठेव, बाकीचं टाकून दे. आता ते मला पुन्हा लिहायचंय." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही, मैत्रिणीवर नाही. बाईंवर."

फाटक लागल्याचा आवाज आला. वन्सं माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "ऐकलंत वहिनी? तुम्हाला पडद्यावर आणणार ती. कशी दाखवेल कोण जाणे."

"जशी होते तशी," मी म्हटलं, आणि आत जाऊन तिचा न प्यालेला चहा मोरीत ओतला.