सरकीचा बर्फ

बेथलेहेममध्ये डिसेंबरात बर्फ पडतो का, या प्रश्नावर माझ्या वहिनीची नोकरी अवलंबून राहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनी लोणंदची, नाव प्रियदर्शनी. लग्न होऊन आमच्या माधवनगरच्या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर दोन वस्तू आल्या: एक शिलाई मशीन आणि हस्तकलेच्या डिप्लोमाचं प्रमाणपत्र. मशीन रोज चालायचं. प्रमाणपत्र ट्रंकेत तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होतं. माझा भाऊ कपिल फौजेत, जबलपूरला. घरात आई, बाबा, मी आणि वहिनीची दहा महिन्यांची छकुली, जिला त्या महिन्यात वरचे दोन दात येत होते.

सहा डिसेंबरला आम्ही सगळे मुंबईला जाऊन आलो आणि दोनच दिवसांनी मिरजेच्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं. वहिनीनं हस्तकलेच्या शिक्षिकेच्या जागेसाठी गुपचूप अर्ज केला होता. गुपचूप म्हणजे मी लिहिला होता आणि आईला सांगितलं नव्हतं.

शाळेच्या मोठ्या बाई सलोमीबाई. त्यांनी वहिनीला बोलावून एकच गोष्ट सांगितली. "मुलाखत मी घेत नाही, हात बघते. नाताळच्या कार्यक्रमासाठी गव्हाण करायची. येशूचा जन्म गोठ्यातला, तेवढा देखावा. दुसऱ्याकडून करून आणलेलं मला ओळखू येतं, तरी शुक्रवारी तेवीस तारखेला चार वाजता मी तुमच्या घरीच येऊन बघेन. पसंत पडलं तर जानेवारीपासून या." नमुना म्हणून त्यांनी परदेशातून आलेलं एक जुनं भेटकार्ड दिलं. कार्डावर गवताचं छप्पर, त्याखाली गुडघे टेकलेली मरिया, पांढऱ्या दाढीचा योसेफ, उघडं बाळ, एक गाय, एक गाढव. आणि छपरावर, अंगणात, झाडांवर, सगळीकडे जाडच जाड बर्फ.

आईला सांगावंच लागलं.

"नोकरी?" आई म्हणाली. "आन् ह्या पोरीला कोन बघनार? तिचा बा जबलपुरातनं?"

"आत्या, अजून लागली नाही," वहिनी म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"लागू नये असं मी म्हनत न्हाई. पर घर सांभाळून कर काय ती."

घर सांभाळून म्हणजे नक्की किती, हे मी मोजायचं ठरवलं. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यापासून सहा महिने मला मोजायला काही मिळालं नव्हतं. आलेखाच्या कागदावर मी वहिनीचा एक दिवस मांडला. पाणी, चहा, भाकरी, धुणं, छकुली, परत भाकरी, परत छकुली. बेरीज साडेसतरा तास झाली. उरलेल्या साडेसहा तासांत झोप आणि बेथलेहेम बसवायचं होतं.

बसवलं. भाकरी थापायचं काम माझ्याकडे आलं, त्यावर बाबा तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भात मागू लागले. वहिनी एका मांडीवर छकुली आणि दुसऱ्या मांडीवर मरिया घेऊन शिवायची. बाहुल्या कापडाच्या, वीतभर-दीड वीत उंचीच्या, आत चिंध्या ठासलेल्या. गाय आणि गाढव माझ्या तासांच्या हिशोबात बसली नाहीत, ती वगळली. बाळ म्हणून छकुलीची रबरी बाहुली घेतली. तिचा एक कान छकुलीनं चावून चपटा केला होता. तो भाग भिंतीकडे करायचं ठरलं. गोठ्याचं छप्पर कडब्याच्या ताटांचं. चार फूट बाय तीन फूट. ताटं मी पट्टीनं मापून कापली.

आई कामात हात लावत नव्हती, पण दर तासाला येऊन बघत होती.

"ही बाई बाळंतीन हाय ना गं?"

"हो, आत्या."

"मंग गुडघं टेकून का बसलीया? पाठ भरंल की तिची. कानाला बी बांधलं न्हाई काय."

"कार्डात असंच आहे."

"आन् लेकरू उघडं? ह्या थंडीत? त्या बाप्याला एवढा झगा आन् लेकराला फडकं न्हाई? दाढी पांढरी झाली तरी अक्कल न्हाई मेल्याला."

"आत्या, तो योसेफ आहे. मोठा माणूस आहे तो."

"मोठा आसंल. बाळंतपन कवा बघितलं न्हाई त्यानं."

आता बर्फाचं. मी अ‍ॅटलास काढून दाखवलं की बेथलेहेम साधारण बत्तीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथं एवढा बर्फ पडणं अवघड आहे. वहिनी म्हणाली, "ताई, अक्षांश सलोमीबाईंना सांगा. मला कार्डासारखं करायचंय." म्हणून कापूस. दुकानातला स्वच्छ पिंजलेला कापूस पसरला, तर अंगणातल्या वाऱ्यानं तो पहिल्याच झुळकेला उडून योसेफाच्या दाढीला जाऊन चिकटला. खळीनं चिकटवला, तर पिवळट पडून बर्फ आजारी दिसू लागला.

इथं मी पुढे आले. उडणं थांबवायचं तर वजन वाढवायला हवं, पण दिसणं बदलता कामा नये. बोंडातला, सरकी न काढलेला कापूस घेतला तर? त्याच्या वजनात दोन तृतीयांश सरकीच असते आणि ती आत लपलेली राहते. मी टेबलफॅन लावून चाचणी घेतली. पिंजलेला कापूस एक नंबरलाच उडाला. सरकीचा कापूस तीन नंबरलाही जागचा हलला नाही. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

बाबांनी ओळखीच्या जिनिंगमधून पिशवीभर कापूस आणून दिला, पण फार नाराजीनं. बाबांनी, म्हणजे धनाजी कांबळे यांनी, कापडगिरणीत तीस वर्षं ब्लोरूममध्ये, कापूस साफ करायच्या खात्यात, काढली होती.

"तीस वर्सं सरकीचा एक तुकडा पुढं जाऊ दिला न्हाई मी," ते म्हणाले, "आन् आता माझ्याच घरात पोरगी सरकी जपून ठिवतीया."

शुक्रवारी बारा वाजता गव्हाण पुरी झाली. छपरावर सरकीचा बर्फ, अंगणात बर्फ, योसेफाची नवी दाढीही त्याच कापसाची. ऊन लागून छपराच्या सांध्यांतली खळ वाळावी म्हणून आम्ही सगळं अंगणात कट्ट्यावर ठेवलं. वहिनी दोन पावलं मागं जाऊन बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, लागेल का हो नोकरी?" तिनं इतक्या काकुळतीनं विचारलं नसतं तर मी टक्केवारीत उत्तर दिलं असतं. मी फक्त हो म्हणाले.

मग छकुली रडली म्हणून वहिनी आत गेली. मी भाकरी टाकायला गेले. आई ओट्याशी. बाबा झोपलेले.

दोन वाजता बाहेरून आवाज आला. एका लयीत, सावकाश, दमदार. कचर, कचर, कचर.

आप्पासोंची म्हैस होती. आप्पासो म्हणजे शेजारचे, आमच्या भिंतीला लागून त्यांचा गोठा आणि पलीकडे ऊस. म्हैस रोज दुपारी चरून यायची आणि आमच्या अंगणावरून गोठ्यात जायची. कधी थांबायची नाही. त्या दिवशी थांबली, कारण तिच्यासमोर कडबा होता आणि कडब्यावर सरकी. तिला संध्याकाळी पाटीत मिळतं नेमकं तेच, फक्त आज चार तास आधी, उंचावर आणि नीट मांडून. छप्पर संपलं होतं. अंगणातला बर्फ ती जिभेनं टिपत होती. मी ओरडले तेव्हा तिनं मान वळवली आणि जाता जाता योसेफाची दाढी घेतली.

जीवशास्त्र मी बारावीनंतर सोडलं होतं.

आप्पासो दावं घेऊन धावत आले. आईनं त्यांना दारातच धरलं.

"आवं आप्पासो, म्हस हाय का दरोडेखोर? चौदा दिसांचं काम खाल्लं की हिनं!"

आप्पासोंनी कट्ट्याकडे पाहिलं. एक ताट उचललं, चिकटलेली सरकी बोटानं काढून पाहिली. "वैनी, ह्ये काय केलं हुतं?"

"गव्हान."

"मंग म्हशीचं काय चुकलं? तुमी गव्हान केली, कडबा घातला, सरकी घातली. ती जेवली." आणि मग काळजीनं, "खळीत मोरचूद न्हाई ना घातला? इख असतंय त्ये."

"नाही," मी म्हणाले.

"मंग काय न्हाई. लय ग्वाड लागलं आसंल तिला."

वहिनी दारात उभी होती, कडेवर छकुली. ती रडली नाही, हे जास्त वाईट होतं. कट्ट्यावर उरलं होतं ते असं: मरिया, गुडघ्यावर. योसेफ, गुळगुळीत हनुवटीचा. आणि बाळ, चपटा कान वर करून.

"दोन वाजून दहा मिनिटं झालीत," मी म्हणाले. "नवा कडबा कापायला..."

"राहू द्या, ताई," वहिनी म्हणाली. "मी बाईंना सांगते, झालं नाही म्हणून."

"काय सांगतीस?" आई म्हणाली. तिनं पदर खोचला होता. हा पदर खोचला की आमच्याकडे बाबाही उठून बसतात. "मला नोकरीचं काय म्हनायचं न्हाई. पर परकी बाई घरात येनार आन् आमच्या कट्ट्यावर बाळंतीन उघड्यावर बसल्याली बघनार? नाव माझ्या घराचं जाईल. म्हशीनं छप्पर खाल्लं ते बेसच झालं, तसल्या वाऱ्याच्या गोठ्यात कोन ठिवतं लेकराला? उठा हो. ह्या पाटाला सुतळी वढा. बाज करा."

बाबांनी पाट उलटा केला आणि त्याच्या पायांना सुतळी विणू लागले. आईनं तिचं जुनं हिरवं लुगडं काढलं आणि दोन काठ्यांवर आडोशाला बांधलं. बाजेवर वाकळेचा तुकडा घातला. मरियेला गुडघ्यावरून उठवून बाजेवर निजवायचं होतं. वहिनीनं तिच्या गुडघ्यांची शिवण उसवली, चिंध्या सरळ केल्या आणि परत टाचली. आईनं स्वतः तिच्या कानाला फडकं बांधलं.

"कुंची शिव," आई वहिनीला म्हणाली. "छकुलीच्या कुंचीचं कापड उरलंय न्हवं?"

वहिनी मशीनवर बसली. छकुली माझ्याकडे आली आणि माझं बोट चावू लागली. मी वेळ लावली. कुंची अकरा मिनिटांत झाली, काठाला लाल पट्टी आणि गळ्याला नाडीसकट. बाळाला घातली तेव्हा चपटा कान आपोआप झाकला गेला. आईनं गालाला तीट लावली. मातीची छोटी शेगडी आली, तिच्यात दोन निखारे आणि वावडिंगाची चिमूट. बशीत एक डिंकाचा लाडू. मी म्हणाले, लाडू मरियेच्या डोक्याएवढा आहे, प्रमाण चुकतंय.

"बाळंतिनीला लाडू मापून देत्यात व्हय गं?" आई म्हणाली.

योसेफाला दाढी लावायला वेळ नव्हता. आईनं त्याला आडोशाबाहेर, पाठमोरा उभा केला. "आता बाप वाटतुय. मघाशी आजा वाटत हुता."

चारला पाच कमी असताना सलोमीबाईंची लूना दारात थांबली.

ठेंगण्या, चष्मेवाल्या, हातात पर्स. त्यांनी वहिनीचा नमस्कार घेतला, पर्समधून चष्म्याचं फडकं काढलं, काचा पुसल्या आणि कट्ट्यासमोर उभ्या राहिल्या. खूप वेळ. एकदा वहिनीच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं, एकदा कट्ट्याकडे.

"गोठा नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

"बर्फ?"

मी पुढे झाले. "बाई, बेथलेहेम बत्तीस अंश उत्तरेला असल्यामुळं..."

"बर्फ म्हशीनं खाल्ला," आई म्हणाली.

सलोमीबाईंनी मान वळवून भिंतीपलीकडे पाहिलं. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. बाई पुन्हा कट्ट्याकडे वळल्या. वाकल्या. बाळाची कुंची दोन बोटांनी कपाळावर थोडी पुढं ओढली. नाडीची गाठ तपासली. आतली शिवण उलटून बघितली. मग शेगडी उचलली.

"ही डोक्याकडं नको. धूर डोळ्यांत जातो बाळाच्या." त्यांनी ती पायाकडे ठेवली.

आई त्यांच्याकडे बघत होती. "किती लेकरं तुमास्नी?"

"तीन. तिन्ही डिसेंबरातली."

"मंग तुमास्नी ठावं हाय."

"मला ठाऊक आहे," सलोमीबाई म्हणाल्या. "कार्ड छापणाऱ्याला नव्हतं." त्यांनी कार्ड वहिनीच्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. "कुंची कुणी शिवली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"किती वेळात?"

"अकरा मिनिटं," मी म्हणाले. त्या दिवशी माझ्या मोजण्याचा झालेला हा एकमेव उपयोग.

"उद्या सकाळी हे सगळं असंच शाळेत आणा. लाडूसकट. आणि दोन जानेवारीला साडेदहाला या." मग त्यांनी छकुलीकडे पाहिलं, जिनं आता माझं दुसरं बोट धरलं होतं. "हिला कोण बघणार?"

वहिनीनं आईकडे पाहिलं. आईनं पदर सोडला आणि नीट केला.

"कोन म्हंजी? मी हाय न्हवं. पर एक सांगते बाई, पोरींना आधी कुंची शिकवायची. ते बर्फ-बिर्फ मागनं."

"आधी कुंची," सलोमीबाईंनी कबूल केलं, आणि लाडूच्या बशीकडे बघत विचारलं, "हा एकच आहे का?"

चौघींनी चहाबरोबर लाडू खाल्ले, बाबांनीही. चहाचं दूध आईनं आप्पासोंच्या गोठ्यातून तांब्याभर मागून आणलं. आप्पासो म्हणाले, "वैनी, रोजचा रतीब अर्धा लिटर हाय, ह्ये जास्त झालं."

"सरकी कुनाची खाल्ली तिनं?" आई म्हणाली. "तांब्या भरून द्या."

त्या संध्याकाळी म्हशीनं नेहमीपेक्षा पाऊण लिटर दूध जास्त दिलं. आप्पासोंनी भिंतीवरून मला मुद्दाम सांगितलं आणि विचारलं की बर्फ पुन्हा कवा करणार. मी आकडा वहीत लिहून ठेवला आहे. निरीक्षण एकच असल्यामुळं त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.