महिन्याला दोन कुंच्या

रखमाबाई जगताप महिन्याला दोन कुंच्या शिवत. तीन कधी झाल्या नाहीत. एका महिन्यात एकच झाली होती, पण त्या महिन्यात त्यांचे यजमान वारले होते, आणि एवढी सबब लोकांनी मान्य केली होती.

यजमान सरकारी पागेत होते. खोगिरे दुरुस्त करता करता त्यांनी बायकोला जाड सुई धरायला शिकवले. बारीक सुई रखमाबाई आपल्या आपण शिकल्या. बडोद्यात दांडिया बाजारामागच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते, आणि गेली पंधरा वर्षे त्या भागातले जवळजवळ प्रत्येक मराठी मूल आयुष्यातला पहिला हिवाळा त्यांच्या कुंचीत काढत होते.

कामाची रीत ठरलेली होती. बारसे झाले की आईने मूल घेऊन यायचे, आणि बरोबर घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे आणायचे. रखमाबाई मूल मांडीवर घेत, हनुवटीपासून टाळूवरून पुन्हा हनुवटीपर्यंत कच्चा दोरा धरत, गाठ मारत आणि मग कात्री उचलत. अस्तर त्या लुगड्याचे. मापाचा दोरा शेवटी कुंचीच्या काठात शिवला जाई. मूल जन्माला यायच्या आधी एक टाकाही घालायचा नाही. ही काही त्यांच्या एकटीची अट नव्हती. मूल यायच्या आधी त्याचे कपडे करू नयेत, हे बडोद्यातल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक होते. पुरुषांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि पुढचे सगळे त्यावरूनच घडले.

रखमाबाईंचा मुलगा जयवंतराव सव्वीस वर्षांचा होता आणि एका सरकारी खात्यात तीन वर्षे हंगामी कारकून होता. वरिष्ठ श्रीपतराव यांच्या सहीशिवाय तो कायम होणार नव्हता, आणि कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असे त्याला दोन घरांनी स्पष्ट आणि एका घराने चहा देऊन सांगितले होते.

युरोपात लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, संस्थानातले हातउद्योग वाढवावेत असे त्या खात्याच्या मनात आले. छापील फॉर्म निघाले. श्रावणातल्या एका रविवारी जयवंतराव आईसमोर एक फॉर्म घेऊन बसला.

"महिन्याचं उत्पादन किती?"

"दोन."

"किती वाढवता येईल?"

"वाढवता येणार नाही."

"आई, इथे 'नाही' लिहायला जागा नाही. किती, असं विचारलंय."

"मग मोकळी सोड."

"समज, वीस कुंच्यांची मागणी आली."

"अठरा पोरं थांबतील."

"पोरं थांबत नाहीत. ती वाढतात."

"मग त्यांच्या पाठची येतील. ती घालतील."

जयवंतरावाने टाक खाली ठेवला. "एक मशीन आणलं, चार बायका हाताखाली घेतल्या, मार्केटाजवळ एक गाळा घेतला..."

"आणि मूल कोण घेणार मांडीवर?"

"त्या घेतील की."

"शिवणारीनं घ्यायचं असतं. कोणत्या बाजूला मान टाकतं, कान दुमडलेला आहे का, टाळूला हात लागला की रडतं का, हे दोऱ्याला कळत नाही. मांडी एक आहे, जयवंता."

मुलाची अडचण त्यांना कळत नव्हती असे नाही. श्रीपतरावांना एक तरी उद्योग वाढलेला दाखवायचा होता आणि जो कारकून तो दाखवील त्याचे काम होणार होते.

"मग दुसऱ्या कोणाचा वाढव," रखमाबाई म्हणाल्या. "कुंभार आहेत, बुरूड आहेत."

"ते वाटून झाले. माझ्या वाट्याला तूच उरलीस."

रखमाबाईंनी सुईत दोरा ओवला. जयवंतराव फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेला आणि उत्पादनाच्या रकान्यात त्याने साठ लिहिले.

साठ लिहिणाऱ्याकडून चाळीस मागणे श्रीपतरावांना सवलतीचे वाटले. थंडीत प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी चाळीस कुंच्या आणा, असे त्यांनी सांगितले.

हे रखमाबाईंना तीन महिन्यांनी कळले, आणि तेही शेजारच्या लताबाईंकडून. लताबाईंच्या नातवाचे माप घेऊन झाले होते, लुगडे धुऊन घडी करून ठेवले होते. एका दुपारी लताबाई आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "माझं लुगडं द्या परत."

"का गं? उद्या कात्री लावणार होते."

"नको. प्रदर्शनात तुमच्या चाळीस कुंच्या टांगल्यात. ते ऐकल्यापासून सून रडतेय."

"माझ्या नाहीत त्या."

"पाटीवर तुमचं नाव आहे, रखमाबाई. नातीनं वाचलं. शाळेत जाते ती, सक्तीनं." लताबाईंनी लुगडे काखेत घेतले. "कोणाच्या पोरांच्या आहेत त्या, एवढं तरी सांगा."

न घातलेली कुंची घरात राहते ती एकाच कारणाने, आणि ते कारण बायका तोंडाने उच्चारत नाहीत. लताबाईंनीही उच्चारले नाही. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाबाई प्रदर्शनाला निघाल्या. वाटेत खंडेराव मार्केटात वांगी घेतली, कारण ते वाटेतच होते. समोरच्या मैदानात मांडव होता. लोणच्यांपाशी रीघ लागली होती, चटयांपाशी बरी गर्दी होती, आणि एका कोपऱ्यात चार दोऱ्यांवर चाळीस हिरव्या कुंच्या टांगल्या होत्या. खाली पाटी होती: गं. भा. रखमाबाई जगताप यांचा हातउद्योग. त्या कोपऱ्यासमोर दहा हात जागा मोकळी होती. बायका तिथवर येत, वर पाहत, बरोबरच्या सुनेच्या अंगावर पदर ओढून घेत आणि लोणच्यांकडे वळत.

मोकळ्या जागेत एका खुर्चीवर श्रीपतराव बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई उभ्या होत्या. त्या नुकत्याच आल्या असाव्यात, कारण त्यांच्या हातात अजून काही घेतलेले दिसत नव्हते. मागे जयवंतराव पगडी घालून उभा होता. आईला पाहताच त्याने पगडी सारखी केली. ती सारखीच होती.

"या, या," श्रीपतराव म्हणाले. "तुमचीच आठवण काढत होतो. माल उत्तम आहे, पण बायका थांबत नाहीत. जागा चुकली असं माझं मत आहे. लोणच्यांच्या शेजारी हलवावं का?"

रखमाबाईंनी एक कुंची काढून उलटी केली. मग दुसरी. मग खालच्या दोरीवरची एक. सगळ्या एकाच मापाच्या होत्या. डोक्याचा भाग इतका गोल होता की तसे डोके त्यांनी पंधरा वर्षांत पाहिले नव्हते.

"रखमाबाई, एवढंच सांगा," वत्सलाबाई हळू म्हणाल्या. "या तुमच्या हातच्या आहेत?"

वत्सलाबाईंच्या सुनेला आठवा महिना लागला होता. बारशानंतर येईन म्हणून त्यांनी गणपतीतच सांगून ठेवले होते.

रखमाबाईंनी मुलाकडे पाहिले. जयवंतराव लोणच्यांकडे पाहत होता. हो म्हटले तर तो कायम होत होता, आणि त्यांच्या मांडीवर उद्यापासून कोणी मूल ठेवणार नव्हते. नाही म्हटले तर तो साहेबांपुढे खोटा ठरत होता. त्यांनी वांग्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या नाहीत."

"मग कोणाच्या?" श्रीपतरावांनी विचारले.

"शिवण मशीनची आहे. बाकीचं त्याला विचारा."

जयवंतरावाने लोणच्यांवरून नजर काढली. "गुणवंत दरजीच्या, साहेब. मांडवीवरच्या."

"आणि माप कोणाचं?" हे वत्सलाबाईंनी विचारले.

"तांब्याचं."

"कशाचं?"

"दरजी म्हणाला, डोक्याचं माप द्या. घरात मूल नव्हतं. तांब्या होता."

वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत आहेत की काय ते कळेना. "चाळीस पोरं, एकच टाळू," त्या पदराआडून म्हणाल्या. "आणि तीही पितळेची."

"अहो, पण नमुना म्हणून..." श्रीपतराव सुरू झाले.

"नमुना राहू द्या. आधी पाटी काढा."

"प्रदर्शन रविवारपर्यंत आहे."

"घरी सून अवघडलेली आहे, आणि तुम्ही चार दिवस चाळीस रिकाम्या टोपड्यांखाली खुर्ची टाकून बसलात. आणि रोज संध्याकाळी तसेच घरात येता."

श्रीपतरावांनी वर पाहिले. चार दिवसांत त्यांनी कुंच्यांकडे असे पाहिले नव्हते. ते उठले, खुर्ची चार पावले पुढे सरकवली आणि पाटी स्वतः काढली. मग जयवंतरावाला म्हणाले, "हे सगळं घरी न्या. परवा कचेरीत येताना तो फॉर्म दुरुस्त करून आणा." आणखी ते काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे काय असते हे हंगामी कारकुनांना चांगले माहीत होते.

त्या दुपारी ओट्यावर चाळीस कुंच्यांचा ढीग पडला. रखमाबाईंनी मुलाच्या हातात छोटी कात्री दिली आणि उसव म्हणून सांगितले. पहिली कुंची उसवायला त्याला अर्धा तास लागला, आणि कापड दोन ठिकाणी फाटले.

"किती घट्ट आहे ही शिवण," तो म्हणाला.

रखमाबाईंनी चालू कामातली आपली कुंची घेतली आणि काठाचा एक दोरा ओढला. दुमडलेला काठ दोन बोटे खाली आला. "मूल वाढतं ना. आईला घरच्या घरी उसवता आलं पाहिजे."

जयवंतरावाने तो काठ पुन्हा दुमडून पाहिला. मग म्हणाला, "साहेब मला काढतील."

"काढतील कदाचित."

"तू हो म्हणाली असतीस तर..."

"तर लताचं पोर कुंचीविना राहिलं असतं. वत्सलाबाईंचंही."

"ती दोनच, आई."

"दोनच असतात."

इतक्यात गुणवंत दरजी आला. त्याच्या हातात तांब्या होता. "रखमाबेन, हा तुमचा लोटा. राहून गेला होता."

"गुणवंतभाई, तुम्हाला तरी विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं ने, बेन. बाबो केवढो, पोर केवढं, विचारलं. जयवंतभाई म्हणे, चाळीस." गुणवंतने तांब्या ओट्यावर ठेवला. "मग मी म्हटलं, माप द्या आणि सुट्टी करा."

तो गेल्यावर जयवंतरावाने फॉर्म काढला. उत्पादनाच्या रकान्यातले साठ खोडून दोन लिहिले. 'किती वाढवता येईल' या ठिकाणी समासात 'नाही' असे लिहिले. जागा नव्हती, पण मावले. मग त्याने विचारले, "कारण काय लिहू?"

"आधी मूल लागतं."

जयवंतरावाने थोडा विचार केला आणि लिहिले: सदर उद्योगास आरंभी मूल आवश्यक असून ते खात्याकडून पुरविता येत नाही.

संध्याकाळी लताबाई लुगडे घेऊन परत आल्या. मांडवातली हकिगत त्यांना कोणी सांगितली हे त्यांनी सांगितले नाही, रखमाबाईंनी विचारले नाही.

श्रीपतरावांनी जयवंतरावाला काढले नाही. त्या वर्षी खात्यात पासष्ट फॉर्म जमा झाले होते आणि चौसष्ट उद्योग वाढले होते. पासष्टावा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला, घरी नेऊन वत्सलाबाईंना वाचून दाखवला आणि वर पाठवून दिला. वरून शेरा आला: ठीक.

पौषाच्या अखेरीस वत्सलाबाई सुनेला आणि बारा दिवसांपूर्वी बारसे झालेल्या नातवाला घेऊन आल्या. लुगडे श्रीपतरावांच्या आईचे होते. श्रीपतरावही आले होते. बायकांच्या कामात त्यांचे तिथे काही नव्हते, पण ते ओट्यावर बसले. जयवंतराव दारात उभा होता.

रखमाबाईंनी मूल मांडीवर घेतले. त्याने मान डावीकडे टाकली. त्यांनी दोरा धरला, गाठ मारली.

"जयवंतरावांचा कागद माझ्या टेबलावर आहे," श्रीपतराव बाहेरून म्हणाले. "एक सही राहिली आहे. बरं, हे काम या आठवड्यात होईल ना?"

जयवंतरावाने आईकडे पाहिले. आईने मुलाचा दुमडलेला कान बोटाने सरळ केला.

"आधी नीराची मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या आधी धनाजीरावांचा नातू. तुमचा नंबर तिसरा."

"म्हणजे केव्हा?"

"पुढचा महिना."

"तोवर हा वाढेल."

"म्हणून काठ दुमडून ठेवते."

मग वत्सलाबाई म्हणाल्या, "लिहून घ्या, विसराल." श्रीपतरावांनी कोटाच्या खिशातून वही काढली आणि लिहून घेतले.

जयवंतराव कायम झाल्याचा हुकूम कुंची तयार व्हायच्या चार दिवस आधी निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, असे श्रीपतराव पुढे बरीच वर्षे कोणी न विचारता सांगत.

हिरव्या कुंच्या एकोणचाळीस उसवल्या. त्यांच्या कापडाचे बरेच काही झाले. चाळिसावी जयवंतराव उसवायला बसला तेव्हा रखमाबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली, उलटून पाहिली आणि पाण्याच्या कोनाड्यात नेऊन तांब्याला घातली. मापाला ती अगदी बरोबर बसली.