पार्किंगमधला खांब

देवश्रीच्या कामात इमारतींना नावं नसत, प्रकार असत. देशभरातल्या शहरांतून काँक्रीटच्या राहत्या इमारती नमुन्यादाखल तपासायच्या आणि भूकंप झाला तर कुठे किती घरं पडतील, किती माणसं ढिगाऱ्याखाली सापडतील, याचा अंदाज बांधायचा, असा तो प्रकल्प होता. त्यासाठीच ती नागपूरहून छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूरला आली होती. तिच्या नकाशावर हिमालय लालभडक होता, कच्छ लाल होतं आणि रायपूर फिकट, म्हणजे धोका कमी.

शंकर नगरच्या नमुन्यांत बाबाराव काकांचीच इमारत निघाली, तेव्हा तिला बरंच वाटलं. काम उरकून कुमुदकाकूच्या हातचं जेवू, म्हणून ती शनिवारी सकाळी गेली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकूचे गुडघे गेलेले. दोघं तिसऱ्या मजल्यावर राहत.

खाली पार्किंग. भिंती नाहीत, नुसते खांब, आणि त्यांवर चार मजले. हा प्रकार तिला तोंडपाठ होता. जमीन हलली की वरचं सगळं एकसंध राहतं आणि खालचा मजला आधी बसतो. भुजच्या भूकंपात अहमदाबादेत असंच झालं होतं. ती टेप काढून खांब मोजू लागली, तोच कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्यामागून छिन्नीचे घाव ऐकू आले.

पडद्यामागे पार्किंगचं दुकान होत होतं. शटर बसवायला तिथला खांब एका अंगानं कोरून काढला होता. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, दोन तर कापूनच टाकलेल्या. उरलेली एक बाहेरच्या अंगाला वाकली होती. देवश्रीनं खांबाला हात लावला. आत बारीकसं काहीतरी कडकन् मोडलं आणि रेतीची धार तिच्या मनगटावर सांडली.

ती मागे वळून ओरडली,

"बंद करो! सब बाहर निकलो!"

छिन्नी टाकून मजूर रस्त्याकडे धावले. दुकानवाला नरेश मात्र हसत पुढे आला. "दीदी, रायपुर में भूकंप कहाँ आता है?"

"इसको भूकंप की ज़रूरत नहीं है, भैया."

तो खांबाकडे बघत राहिला, मग मागे मागे सरकत बाहेर गेला. देवश्रीनं ऑफिसातल्या सचिनला फोन लावला. "लोखंडी टेकू पाठव, फायर ब्रिगेडले सांग. लवकर."

"पाठवतो. पण तू आत जाऊ नको!"

तोवर ती जिन्यात होती. दाराच्या घंट्या दाबत, ओरडत वर चालली. लोक लेकरांना उचलून, चपला विसरून उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार उघडेना.

"सकायपासून फसून राह्यलं," आतून काका म्हणाले. "सुताराले बोलावलं आहे."

दार का फसलं ते तिला कळलं. चौकट तिरपी झाली होती. इमारत सकाळपासूनच खचत होती. खाली पुन्हा काहीतरी तडकलं. पळावं, आत्ता पळावं, एवढंच डोक्यात येत होतं. कठडा धरून ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. मग परत चढली आणि खांद्यानं दारावर आदळली. आतून काका ओढत होते. तिसऱ्या धक्क्याला दार करकरत उघडलं.

"काहून एवढी घाबरून राह्यली?" काका म्हणाले. "इथं काही होत नाही, पोरी."

"काका, मले लय भेव लागून राह्यलं. चला."

तिच्या तोंडून असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. काकूला खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. काकू डोळे मिटून राम राम म्हणत होती. जिन्याच्या वळणावर भिंतीत फट पडली होती आणि तिच्यातून बाहेरचं ऊन दिसत होतं. खाली त्या हिरव्या पडद्याजवळून जाताना देवश्रीनं श्वास रोखून धरला.

इमारत पडली नाही. टेकू लागेपर्यंत तो कोपरा चार बोटं खचला, पहिल्या मजल्याच्या काचा तडातड फुटल्या आणि मग सगळं थांबलं. रस्त्यापलीकडे सगळे माना वर करून उभे होते. नवे खांब होईपर्यंत कोणालाही आत सोडणार नव्हते.

संध्याकाळी काका-काकू तिच्या भाड्याच्या फ्लॅटवर आले. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. रायपूर तसंच फिकट. नकाशा खोटा नव्हता. त्यात जमीन किती हलेल ते होतं, खांबाला कोण छिन्नी लावेल ते नव्हतं. असे खांब देशात किती असतील, या विचारानं तिनं लॅपटॉप मिटला.

काका गॅलरीत उभे राहून खाली बघत होते. चहा तसाच गार झाला होता.

"देवश्री, हे तुही बिल्डिंग कोन्त्या प्रकारची आहे?"

ती उत्तर देणार होती, पण तिला आठवेना. रोज ती भराभर खाली जाई, गाडी काढी आणि निघे. खांबांकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

तिनं टॉर्च घेतला. काकाही निघाले. काकू म्हणाली, "मी नाही बसत इथं एकटी," आणि कठडा धरून, एकेक पायरी उतरत, तीही त्यांच्यामागे पार्किंगकडे निघाली.