गळ्यातली सुमेधा

ह्यांची पहिली बायको सुमेधा बाळंतपणात गेली, आणि सहा वर्षांनी, चौऱ्याहत्तर साली, मी त्या घरात आले. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात तिचा टाक बांधला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेला बाईचा चेहरा. बिजवराला दिलेल्या बाईने सवतीला असं गळ्यात वागवायचं, नवं पातळ आधी तिला दाखवायचं, हळदीकुंकूही आधी तिला. हे पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला इंजिनिअर, पण आईपुढे तोंड उघडेनात. मी भयंकर चिडले आणि मुकाट्याने बांधून घेतला.

सुमेधाची मुलगी मृदुला मला पद्माकाकू म्हणायची. पहिल्याच आठवड्यात ती संध्याकाळी मांडीवर येऊन माझ्या छातीला कान लावून बसली, तेव्हा मला भरून आलं. पोरीला लळा लागला असं वाटलं. मग कळलं, कान टाकाला होता. शाळेतलं सगळं ती त्याला सांगायची आणि मधेच थांबून "हं" म्हणायची.

एकदा तोंड वर करून म्हणाली, "आई म्हणते, बाबांना कारलं आवडत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून खातात."

ह्यांना विचारलं तर चेहरा पांढराफटक पडला. ही गोष्ट त्यांनी फक्त सुमेधाला सांगितली होती.

मला एवढंच हवं होतं, की त्या पोरीने मला आई म्हणावं. जिवंत बाईने मेलेल्या बाईवर जळावं याची लाज वाटायची, पण जळत होते खरी.

सासूबाई तळेगावला धाकट्या दिरांकडे गेल्या, तेव्हा मी टाक चिंचवडगावात कोंडाजी सोनाराकडे नेला. तो त्यानेच घडवला होता. वर थोडी चांदी घालून मृदुलासाठी पैंजण करून आणले. आईची चांदी लेकीच्या अंगावर, यात कोणाला काय वावगं वाटणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पैंजण तिच्या पायांत घातले आणि कौतुकाने सांगून टाकलं, की ही आईचीच चांदी. पोर मटकन कॉटवर बसली.

"आईला पायात घातलंस तू," म्हणाली.

मी घाईघाईने पैंजण काढले. तिने ते कानाला लावले, बराच वेळ ऐकलं. "हं" मात्र म्हणाली नाही. दोन दिवस ती कॉटवरून खाली उतरली नाही, अन्नाला शिवली नाही. डॉक्टरांना काहीच सापडेना. पोर हातची जाते की काय, या भीतीने तिसऱ्या दिवशी मी पैंजण घेऊन कोंडाजीकडे धावले. म्हटलं, याच चांदीचा टाक परत करून द्या, अगदी पहिल्यासारखा.

"वैनी, बाईचा ठसा एकच हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "समद्या सवती त्याच्यातूनच निघत्यात. दुसरी कुठून येनार?"

टाक गळ्यात बांधून घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मृदुलाने कान लावला नाही. टाक बोटांत धरून निरखला, मग माझं तोंड निरखलं, मग पुन्हा टाक. मला राहवेना. आरशापुढे जाऊन पाहिलं. टाकावर माझंच रुंद कपाळ, माझंच जरा बसकं नाक. हनुवटीवर खोकेची खूण, लहानपणी मी चौथऱ्यावरून पडले होते तेव्हाची. कोंडाजीच्या ठशात ती खूण कुठून आली?

मागे वळले तर मृदुला जमिनीवर उभी होती. दोन दिवसांत प्रथमच हसत होती. जवळ आली आणि टाकावर हलकेच बोट ठेवून म्हणाली, "काकू आता इथं राहील."

मग माझ्या कमरेला मिठी मारून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मारली हाक. "आई."

इतक्या मायेने मला कोणीच कधी हाक मारली नव्हती, आणि ती मला नव्हती. मी पद्मा आहे, असं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती पुन्हा कॉटवर जाऊन बसली असती.

मी ओ दिली आणि तिला जेवायला वाढलं.