खांबावरची बोदिल

“बोदिल, तुझ्यामुळे पक्ष हरला. मग पुन्हा अध्यक्षपदाला उभी कशाला राहतेस?”

पक्षाच्या सभेत आस्ताच्या तोंडून प्रश्न सुटला आणि कॉफी ढवळणाऱ्यांचे चमचेसुद्धा थांबले. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मागच्या रांगेत बसलेल्या विग्गा आणि लिव्ह या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “हिंमत असेल तर विचार, नाहीतर तुझा केक आमचा.” आता केकसाठी माणूस काय करत नाही! शिवाय या वर्षी आस्ताला एक मोठा शोध लागला होता. आपण हात वर केला की लोक खरंच आपल्याकडे बघतात. इतकी वर्षं शाळेत तो हात मांडीखाली दाबून का ठेवला होता, देव जाणे.

समोरच्या टेबलाशी बोदिल बसली होती. बंदर पक्षाची अध्यक्ष. आमच्या पालिकेच्या हद्दीबाहेर या पक्षाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण हद्दीच्या आत तो दर निवडणुकीला दोन-तीन माणसं निवडून आणायचा. मंगळवारच्या पालिका निवडणुकीत एकच आलं, आणि ती बोदिल, तीही कशीबशी. नोकरीने ती पालिकेची घरसेविका. रोज सकाळी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या. प्रचाराच्या भर सभेत ती उठून म्हणाली होती, “पोहण्याचा तलाव आणि म्हाताऱ्यांची सकाळची सेवा, दोन्ही चालतील एवढा पैसा पालिकेकडे नाही. मला विचाराल तर तलाव बंद करावा लागेल.”

“पण तिला विचारलं होतं कुणी?” आस्ताचे बाबा तेव्हापासून रोज म्हणत होते. बाबा पोहण्याच्या क्लबचे अध्यक्ष. आस्ता, विग्गा आणि लिव्ह त्याच तलावात वाढलेल्या.

बोदिलने कानामागे खाजवलं. “प्रश्न चांगला आहे. तयार उत्तर नाही माझ्याकडे. अध्यक्षपदाचं मतदान पुढच्या गुरुवारी आहे, तोवर सापडलं तर सांगते.” मग जरा थांबून म्हणाली, “केक घ्या रे, सुकतोय.”

सभा संपताच येप्पेने आस्ताला गाठलं. येप्पे गावातली घरं विकतो, आणि बोदिलच्या जागी अध्यक्ष व्हायचं त्याने मंगळवारी रात्रीच ठरवलं होतं. त्याचे दात फार सुंदर आहेत.

“काय बोललीस! याला म्हणतात नव्या पिढीचा आवाज. गुरुवारी माझं नाव तूच सुचव. तू उभी राहिलीस की निम्मी खोली आपली.”

“आणि तलाव?”

“तलाव राहणार! लिहून घे माझ्याकडून.”

आस्ता सायकलवरून घरी गेली ती जवळजवळ हवेतूनच. बाबांनी ऐकलं आणि तिच्या ताटात आपल्या वाट्याचा बटाटाही वाढला. “माझी पोरगी!” ते आईला म्हणाले, जणू आई तिथे पाहुणी होती.

निवडणूक झाली की आठवड्याभरात दिव्याच्या खांबांवरची सगळी पोस्टर उतरवावी लागतात, नाहीतर पक्षाला दंड होतो. पक्षाच्या फोनवरच्या गटावर बोदिलने शनिवारची सकाळ ठरवली. येप्पेने लगेच उभ्या अंगठ्याचं चित्र टाकलं, “मी आहेच!” आस्ता गेली ती त्याच्याशी गुरुवारच्या भाषणाबद्दल बोलायला. फियोर्डवरून, म्हणजे गावाजवळच्या खाडीवरून, येणारा वारा असा होता की टोपी दातांत धरावी. धक्क्यावर बोदिलची छोटी लाल गाडी उभी होती, टपावर शिडी बांधलेली, आणि बाकी चिटपाखरू नव्हतं.

“बाकीचे?”

“एकाची कंबर धरलीय, एकाकडे नातू आलाय आणि येप्पेकडे गिऱ्हाईक. लावायला आले होते तेव्हा बघायला हवं होतंस. निवडणुकीआधी सगळ्यांच्या कंबरा ठणठणीत असतात.” बोदिलने तिच्या हातात हातमोजे कोंबले. “शिडी गुडघ्याने दाब. हाताने धरलीस तर बोटं राहायची नाहीत.”

मग एकामागून एका खांबावर बोदिल चढायची, पकडीने प्लास्टिकची पट्टी तोडायची आणि पोस्टरवरची बोदिल खाली यायची. हसरी, नीट विंचरलेली. मोटारतळाजवळ तर येप्पेच ओळीने टांगलेला होता.

“याचीही आपणच काढायची?” आस्ताने वर ओरडून विचारलं.

“दंड काय येप्पेला होणार आहे? पक्षाला होणार.”

कुत्रा फिरवणारा मासळीवाला थांबला. “काय बोदिल, स्वतःलाच खाली ओढतेस होय?”

“दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता रे!”

तो हसला. बोदिलही हसली, पण पुढच्या खांबावर चढताना ती मधल्या पायरीवर क्षणभर उगाच थांबली. कपाळ थंड लोखंडाला टेकवलं आणि मग पुन्हा चढली. खालून आस्ताला फक्त तिच्या बुटांचे तळवे दिसत होते, एका बाजूने झिजलेले.

तलावासमोरच्या खांबाशी आल्यावर आस्ता मागे रेंगाळली. तिथल्या पोस्टरवर बोदिलच्या डोळ्यांवर काळ्या शाईने पोहण्याचा चष्मा काढला होता. विग्गाने. लिव्हच्या खांद्यावर उभं राहून. आणि तेव्हा आस्ता हसून हसून फुटपाथवर बसली होती. आता तिने मनातल्या मनात वाऱ्याची विनवणी केली की बाबा रे, एवढं एक घेऊन जा. वाऱ्याने ऐकलं नाही. बोदिल पोस्टर घेऊन खाली उतरली आणि हात लांब करून बघत राहिली.

“ज्याने काढलंय त्याचा हात चांगला आहे. पट्टासुद्धा केसांमागून बरोबर नेलाय.” तिने आस्ताकडे बघितलं. आस्ताचे कान तापले. बाकीची पोस्टर ती डिकीत पालथी टाकत होती. हे मात्र तिने मागच्या सीटवर उभं ठेवलं. “यात मी बरी दिसते.”

मग दोघी गाडीत बसल्या. बोदिलने राय धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे काढले, वर कलेजीचा थर आणि काकडीचं लोणचं. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या.

“बोदिल,” आस्ता म्हणाली, “आता मी विचारतेय हं, मला कुणी विचारायला लावलेलं नाही. पुन्हा उभी का राहतेस?”

बोदिल सावकाश चावत राहिली.

“बुधवारी सकाळी नेहमीचीच दारं उघडली. एगोन आजोबा म्हणाले, ‘मी तुला मत दिलं नाही, तू फार रडकं बोलतेस.’ मी म्हटलं, बरं, हात वर करा, सदरा घालू या. अजून काय म्हणणार? त्यांना सदरा घालायला कुणीतरी येत राहायला हवं, मग ते मत कुणालाही देवोत.” तिने बोटं चाटली. “आणि खरं सांगू? मला आवडतं ते. बैठकीत बसणं, भांडणं. घरी भांडायला कुणी नाही. मांजर लगेच ऐकतं.”

आस्ताला हसू फुटलं. काचेवरची वाफ पुसली तर समोर तलावाची इमारत. तिथेच ती पहिल्यांदा काठ सोडून पोहली होती, आणि बाबा कपड्यांसकट पाण्यात उतरले होते.

“तलाव वाचणारच नाही?”

“माझं चुकतही असेल. पण जे वाटलं ते मी निवडणुकीआधी सांगितलं. नंतर सांगितलं असतं तर आज आमची तीन माणसं असती, आणि तुझ्या बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नसता मला.” तिने गाडी सुरू केली. “शनिवार-रविवार चालू ठेवता येईल, कदाचित. कदाचित म्हणाले हं. लिहून देणार नाही.”

लिहून द्यायचं म्हटल्यावर आस्ताला आठवलं. तिने फोन काढून येप्पेला विचारलं, “तलावाला पैसे कुठून आणणार?” उत्तर लगेच आलं, आधी एक हसरा चेहरा, मग शब्द: “ते निवडून आल्यावर बघू! भाषण जोरदार लिही!” तिने ते दोनदा वाचलं. मग फोन खिशात टाकला आणि विचारलं, “ते मागचं पोस्टर मी नेऊ?”

ती घरी पोचली तेव्हा आई-बाबा ओट्याशी बटाटे सोलत होते. आस्ताने पोस्टर खुर्चीला टेकवून ठेवलं. बाबांनी चष्मा बघितला आणि खो खो हसले. “वा! गुरुवारी हेच दाखव सगळ्यांना.”

“दाखवणारच आहे,” आस्ता म्हणाली, आणि तिने हात वर केला. स्वयंपाकघरात कुणी हात वर करत नाही, त्यामुळे दोघंही वळून बघायला लागले. वाटेतल्या पावसात भिजलेल्या पोस्टरवरून पाणी ठिबकत होतं. हात खाली घ्यावासा वाटला, पण तिने घेतला नाही.

“गुरुवारी मी नाव सुचवणार आहे. बोदिलचं.”

बाबांच्या हातातला चाकू थांबला. सालीची लांब पट्टी बटाट्याला तशीच लोंबकळत राहिली.

“आणि तलाव?” त्यांनी अगदी हळू विचारलं. रागाने विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

“तलावाचंही मीच विचारणार आहे, बाबा. प्रत्येक सभेत. तिलाच.”