आईच्या नावाचं तेल

"लेकराले निजवू नको, बाई. मांडीवर उभं धर. वाफ त्याच्यापाशी आपसूक येईन."

हा आवाज केसरबाईनं ऐकला त्याला नऊ वर्षं झाली. अहेरीकडच्या जंगलात तिखाडी गवताचं तेल काढायची भट्टी लागली होती. नवरा देवाजी तिथं मजुरीला, ती झोपडीत, आणि मांडीवर छाती भरलेला आठ महिन्यांचा श्रावण. तो आवाज भट्टीत गवत भरणाऱ्या सुकरीचा; ती वासावरूनच ओळखू यायची. शिशीच्या तळाशी उरलेलं तेल ती घेऊन आली, कढत पाण्यात दोन थेंब टाकले, आणि झोपडीत जणू गुलाब उमलला. तिसऱ्या दिवशी पोर हसलं.

गावी परतल्यावर केसरबाईही तेच करू लागली. कुणाला पडसं, कुणाची कंबर. बाया ओट्यावर येत.

"कोणं शिकवलं वं तुले?" शेजारच्या सोनीबाईनं एकदा विचारलं.

"मायनं," तोंडून निघून गेलं. माय त्या वर्षीच्या पावसाळ्यात वारली होती. तिचं नाव चारचौघींच्या तोंडी आलं आणि इतकं गोड लागलं, की मागं घेववेना.

सत्याऐंशीच्या माघात सुकरी केसरबाईच्याच गावात आपल्या लेकीकडे आली. काठी टेकत ओट्यापर्यंत पोचली, दुखरे टोंगळे धरून, गुडघे सरळ ठेवून बसली.

"पोऱ्या कुठी हाय तुहा?"

"शाळेत," केसरबाई म्हणाली. घाईघाईनं शिशी उघडून तिनं निखळ तेलच तळव्यावर ओतलं.

सुकरीनं तिचं मनगट धरलं. "मोहाच्या तेलात मिसळ ना. कातडी भाजन."

ओट्यावर बसलेली सोनीबाई हसली. "वैदालेच शिकवून राह्यली का वं, बुढे? तिच्या मायचं औषध हाय हे."

सुकरीनं केसरबाईकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. "असन. मायले समजत असन."

तिनं वाट मोकळी करून दिली होती. गप्प राहिलं असतं तर माय गावाच्या तोंडी तशीच राहिली असती. केसरबाईनं मोहाचं तेल आणलं, त्यात तिखाडीचं मिसळलं, आणि खाली बसून म्हातारीचा टोंगळा चोळू लागली. हाडावर नुसती कातडी उरली होती. भट्टीच्या जुन्या चट्ट्यांवरून तिचा अंगठा फिरत राहिला.

"सोनीबाई," वर न पाहता ती म्हणाली, "माह्या मायले तिखाडी ठाऊकच नोती. माहा श्रावण हिच्यानं जगला. हे सारं हिनं शिकवलं मले."